करंगळी

अश्वजित शनिवारी दुपारी लातूरहून नांदेडला आला तो हातात नव्या लॅपटॉपचं खोकं घेऊनच. चपला काढायच्या आधी त्यानं ते आईच्या मांडीवर ठेवलं. चांगुणाबाईंनी चिकटपट्टी न फाडता नखानं सोडवली, लॅपटॉप बाहेर काढला आणि रिकामं खोकं आधी पलंगाखाली सारलं. वस्तू बिघडली तर खोक्यासकट परत करावी लागते, असं त्यांचं म्हणणं. पोरगं हसलं. सत्तावीस वर्षांचा झाला, लातूरच्या एका क्लासमध्ये तीनतीनशे पोरांना केमिस्ट्री शिकवतो, पण हसला की अजून चौथीतला दिसतो.

"मोबाइल असताना लॅपटॉप कशाला पायजे तुला?" असं त्यानं महिनाभर विचारून पाहिलं होतं. चांगुणाबाईंनी त्याला दाद दिली नव्हती. हट्टी बाई. बिलोलीहून नांदेडला येऊन वजिराबाद भागातल्या एका माडीवर बावीस वर्षं टायपिंगचे वर्ग चालवले, हजारभर पोरापोरींना क्लार्कच्या नोकरीला लावलं, ते काही मवाळपणानं नव्हे.

कारण एका पेनड्राइव्हमध्ये होतं. मागच्या वर्षी त्यांचे यजमान ज्ञानोबा सूर्यवंशी गेले. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावणारा, मोजून मापून बोलणारा माणूस. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते वर्षातून एकदा, पोळ्याच्या आसपास, दार लोटून दिवसभर टाइप करत बसायचे. चांगुणाबाई चहा घेऊन आत गेल्या की बोटं थांबायची आणि पडद्यावरचं पान नाहीसं व्हायचं. त्या कप ठेवून मुकाट बाहेर यायच्या. काय लिहिता, असं त्यांनी कधी विचारलं नाही. काय लिहीत असतील याचा अंदाज होता, आणि तो अंदाजच त्यांना टोचायचा.

ज्ञानोबांचं आधी एक घर होतं. किल्लारीपासून दोन कोसांवर, कारळवाडीत. बायको गयाबाई आणि चार वर्षांची एक मुलगी. ज्ञानोबा तेव्हा नांदेडला पाटबंधारे खात्यातच शिपाई होते. दिवाळीनंतर खोली बघून दोघींना घेऊन येणार होते. त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरच्या पहाटे जमीन हलली आणि त्या दोघी दगडाच्या भिंतीखाली गेल्या. बुद्धवाड्यातलं ते एकच दगडी घर होतं. नोकरी लागल्यावर ज्ञानोबांनी काडीमातीचा कूड पाडून मोठ्या हौसेनं बांधलेलं. आजूबाजूच्या कुडाच्या झोपड्यांतली माणसं धूळ झटकत बाहेर आली. एवढं चांगुणाबाईंना लग्नाच्या वेळी एका नातेवाइकाकडून कळलं. नवऱ्याकडून सत्तावीस वर्षांत अक्षर नाही. तीस सप्टेंबरला ते एकटेच गावाकडे जायचे, संध्याकाळच्या बसनं परत यायचे, हातपाय धुऊन जेवायला बसायचे. त्यांच्या मनातली ती एक खोली बायकोला बंद होती, आणि चांगुणाबाईंनी कधी कडी वाजवली नाही. वाईट मात्र वाटायचं. फार वाटायचं.

आणि आता कारळवाडीच्या विरूपाक्ष गुरुजींचा फोन आला होता. गुरुजी म्हणजे त्या गावच्या शाळेतले जुने शिक्षक. भूकंपाला यंदा तीस वर्षं होणार, म्हणून त्यात दगावलेल्यांच्या नावांचा दगड नव्या गावठाणात बसवायचा होता.

"वैनी, सगळी नावं जमली. एकच जागा रिकामी हाय," गुरुजी म्हणाले होते. "सरकारी यादीत नुसतं हाय बघा, ज्ञानोबा सूर्यवंशी यांची मुलगी, वय चार. गावात कुणालाबी विचारा, बाळी म्हणून सांगतेत. आता त्या वाड्यात बाळ्या तीन होत्या. ज्ञानोबा मला म्हणला होता, गुरुजी, शाळेतलं नाव ठरवून ठेवलंय, जूनमध्ये दाखल करताना तुमच्यापुढंच सांगतो म्हणून. तो जून काय आला न्हाई. त्याला पुन्हा विचारायची माझी छाती झाली न्हाई. तुम्हाला ठाव असंल."

चांगुणाबाईंना ठाऊक नव्हतं. घरात लेकराला बाळी, बबी, छकुली म्हणायचं आणि खरं नाव शाळेच्या रजिस्टरात पहिल्यांदा चढवायचं, ही तिकडची रीतच. ते नाव या जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस गेला होता. राहिली होती ती त्यांची फाइल. कॉम्प्युटर उन्हाळ्यात विजेच्या झटक्यानं जळाला, पण दुकानदारानं आतलं सगळं पेनड्राइव्हवर काढून दिलं होतं.

"कारागीर मंगळवारी सकाळी कोरायला बसणार," गुरुजींनी सांगितलं होतं. "न्हाई सापडलं तर मग नुसतं 'मुलगी' म्हणून कोरावं लागंल."

म्हणून लॅपटॉप.

अश्वजितनं तो सुरू केला. लॅपटॉपनं भाषा विचारली, देश विचारला, मालकाचं नाव विचारलं. अश्वजितनं आईचं पूर्ण नाव टाइप केलं. मग बोटाचा ठसा मागितला. चांगुणाबाईंनी उजवी तर्जनी ठेवली, डावी ठेवली, दाही बोटं ठेवून झाली. लॅपटॉप काही ओळख दाखवेना. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यालाही हीच रड झाली होती. टाइपरायटरच्या कळा बडवून बोटांवरच्या रेषा कधीच घासून गेल्या होत्या.

"घ्या! बोटं बी चालंनात का माझी?" त्या म्हणाल्या.

"पासवर्ड टाकू की. रागावू नको."

मग शिकवणी सुरू झाली. पोरगा शिक्षक आणि आई विद्यार्थी. चांगुणाबाईंनी वही काढली, समास आखला आणि एकेक लिहून घेतलं. कंट्रोल आणि एस, जपून ठेवायला. कंट्रोल आणि सी, उचलायला. कंट्रोल आणि व्ही, मांडायला. कंट्रोल आणि एफ, शोधायला. चुकलं तर कंट्रोल आणि झेड. विंडोजची कळ आणि डावा बाण दाबला की पान अर्ध्या पडद्यावर सरकतं, उजवा बाण दाबला की दुसरं पान शेजारी येऊन बसतं. ते मात्र त्यांना फार आवडलं. टायपिंग शिकवताना डाव्या हाताला मूळ कागद आणि उजवीकडे मशीन, अशीच बैठक असायची.

"लई जोरात दाबून राहिली तू. हे मशीन नाजूक हाय."

"हात पडतोच तसा."

ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर उठायचा, टाइपरायटरचा गाडा मागं ढकलायला. हवेतच थबकायचा आणि खाली यायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा अश्वजितनं तिथला पाण्याचा तांब्या उचलून लांब ठेवला.

खरा घाव पुढे बसला. मराठी सुरू केलं तर नव्या कळफलकावर अक्षरं भलतीकडेच! जिथं म असायचा तिथं काना दिसतोय, जिथं काना असायचा तिथं क. चांगुणाबाईंनी डोळे मिटून स्वतःचं नाव टाइप केलं, उघडून बघतात तर पडद्यावर बोबडं काहीतरी. मिनिटाला साठ शब्द टाइप करणारी बाई एका दुपारीत अडाणी झाली. "हे सगळीकडं असंच असतंय आता," अश्वजित म्हणाला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी त्यानं पेनड्राइव्ह लावला. एकच फाइल होती. चांगुणाबाईंनी पदर सावरला, खुर्ची पुढे ओढली. फाइल उघडली.

पानभर इंग्रजी अक्षरं. शब्द नव्हेतच, नुसती अक्षरं. मध्येच कंस, मध्येच अर्धविराम, मध्येच एखादं मोठं झेड. कोंबड्यांनी अंगण उकरावं तसं पान. अश्वजितनं खाली खाली सरकवलं. साठ पानं होती आणि साठही तशीच.

"फाँट गेला, आई. बाबा ज्या मराठी फाँटमध्ये टाइप करायचे तो ह्यात न्हाई." त्यानं इंटरनेटवरून तीन फाँट उतरवून लावून पाहिले. तिन्ही वेळा पान आणखी विचित्र झालं. "त्या कॉम्प्युटरवाल्यानं कुठलीतरी जुनी सीडी टाकली असंल. नाव ठाव असल्याशिवाय न्हाई जमायचं. मी क्लासमधल्या एकाला विचारतो, पण सोमवारी टेस्ट हाय, मला सकाळी निघावं लागतंय."

"मंगळवारी कोरणार हायेत, अश्वजित."

त्यानं मान खाली घातली. बाबांच्या पहिल्या घराबद्दल त्याला उडत उडत ठाऊक होतं. त्या घरातल्या मुलीला आपण बहीण म्हणायचं की काय म्हणायचं, हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो गेला. जाताना म्हणाला, "त्यातली पहिली ओळ जशीच्या तशी टाइप करून मला पाठव. कुणी जाणकार भेटला तर दाखवतो."

भाकरी-भाजी उरकून चांगुणाबाई दहाच्या सुमारास टेबलाशी बसल्या. विंडोज आणि डावा बाण दाबून फाइल डावीकडे लावली, उजवीकडे कोरं पान घेतलं. कळफलक इंग्रजी होता. मूळ कागदावर नजर आणि कळांवर बोटं, अशी त्यांची बैठक जमली. पाठ ताठ, मनगटं वर.

पहिला शब्द. चौकटी कंस. उजव्या हाताची करंगळी वर गेली. मग के, उजवं मधलं बोट. एस, डाव्या हाताची अनामिका. ई, डावं मधलं बोट. पुन्हा के.

आणि बोटं थांबली.

ही चाल त्यांच्या ओळखीची होती. डोळ्यांना काही कळलं नव्हतं, बोटांना कळलं होतं. हे इंग्रजी नव्हतंच. जुन्या मराठी टाइपरायटरवर करंगळी तिथं जाते ती अर्ध्या ख साठी. मधलं बोट काना देतं, अर्ध्याचा पुरता ख होतो. अनामिकेखाली मात्रा. मधल्या बोटाखाली म. ज्ञानोबांनी टाइपरायटरच्या सवयीनं कळा दाबल्या होत्या, फाँट त्यांचं मराठी करून दाखवत होता. आता फाँट गेला होता, पण कुठली कळ दाबली ते तर पडद्यावर जसंच्या तसं उभं होतं.

त्यांनी लॅपटॉप पुढे सारला, मोकळ्या टेबलावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि पाच कळा पुन्हा दाबल्या. ख. मात्रा. म. काना.

खेमा.

"खेमा," चांगुणाबाई मोठ्यानं म्हणाल्या. त्या घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मग त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

नाव मिळालं होतं. काम झालं होतं. लगेच फोन करता आला असता. पण साठ पानं समोर होती, आणि वीस वर्षं चहाचा कप ठेवून मागं फिरलेली बाई आज दाराच्या आत होती. त्यांनी वही ओढली आणि वाचायला बसल्या. वाचायला म्हणजे काय, एकेका अक्षराला टेबलावर बोट टेकवायचं, बोट काय सांगतं ते ऐकायचं आणि वहीत लिहायचं.

पत्रं होती. दर पोळ्याला एक, कारण मुलगी पोळ्याला झाली होती. पहिलं पत्र दोन हजार तीनचं.

"खेमा, हे मशीन कालच घरी आलं. तुला आज चौदा पुरी झाली. मला आता टायपिंग येतं. तुझ्या आईनं शिकवलं."

चांगुणाबाईंचं पेन थांबलं. ही कुठली आई? गयाबाई तर निरक्षर होती. त्यांनी पुढची ओळ धरली.

"तुझी माय तुझ्याजवळ हाय. ही तुझी आई इकडं हाय. बिलोलीची हाय. माडीवर क्लास घेती. माझी करंगळी कंसापर्यंत पोचत न्हाई म्हणून पेन्सिल मारायची. चाूप मारायची."

खूप लिहायचं होतं त्यांना. करंगळी पोचली नाही आणि अनामिकेनं शेजारची च ची कळ दाबली. चांगुणाबाई रडता रडता हसल्या. चौऱ्याण्णव साली क्लार्कच्या बढतीसाठी टायपिंगचं सर्टिफिकेट पाहिजे म्हणून हा पस्तिशीचा माणूस माडीवर आला होता, दोन वेण्या घातलेल्या पोरींच्या रांगेत ओशाळून बसला होता, आणि त्याची ही एकच चूक शेवटपर्यंत गेली नव्हती. ख आला की चा. "करंगळी, सूर्यवंशी, करंगळी!" म्हणून त्या ओरडायच्या. ख च्याच कळेवर त्याचं बोट का थिजतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

दिवसभर त्या वाचत राहिल्या, वहीत उतरवताना चुकलेल्या 'चा'चा 'ख' करत. दुपारी जेवायचं राहिलं. एका पत्रात दगडी भिंतींचं होतं. "कूड होता तोच ठेवला असता तर. मी नोकरीचा तोरा केला, खेमा." एवढंच, आणि पुढं अर्धं पान कोरं. दुसऱ्यात अश्वजितच्या गोवराचं होतं. "तुझ्या भावाला ताप हाय. आई तीन दिवस झोपली न्हाई."

मग दोन हजार सहाचं आलं.

"खेमा, तू आता बारावीला असतीस. सगळे लातूरला क्लास लावून राहिले. मीबी गेलो. रांग लई होती. बापलोक उन्हात उभे होते, मीबी उभा राहिलो. माझ्या पुढच्यानं विचारलं, मुलगा का मुलगी? मी म्हणलो मुलगी, डॉक्टर व्हायचं म्हणती. फॉर्म घेतला. घरी आणून भरला. नाव, जन्मतारीख, शाळा. फोटोची जागा तशीच ठेवली. नेऊन दिला न्हाई."

चांगुणाबाईंना तो फॉर्म आठवला. म्हणजे त्याची दुमडलेली कड आठवली. पेटीतल्या कागदांत लातूरच्या क्लासचं नाव दिसलं होतं आणि त्या नवऱ्याला हसल्या होत्या. "पोरगं आता कुठं पाचवीत गेलंय आन् तुमची आत्तापासून घाई!" ज्ञानोबाही हसले होते. फॉर्म त्यांनी हातातून हळूच काढून घेतला होता. आपण उघडून बघितला असता तर! एक घडी उलगडायची होती फक्त. दोघंही एकमेकांना दुखवू नये म्हणून सत्तावीस वर्षं जपत राहिलो, आणि त्या जपण्यातच आयुष्य गेलं, असं त्यांना वाटलं. त्यांना ज्ञानोबांचा राग आला, आणि स्वतःचाही आला.

सोमवारी सकाळी त्या पुन्हा बसल्या. आता एक वेगळीच शंका मनात होती. इतर सगळीकडे 'ख'चा 'चा' झाला होता. खूप, देखील, लेखी, दुखतंय, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. मग नावाचं काय? त्यांनी वही बघून कंट्रोल आणि एफ दाबलं. शोधायच्या चौकटीत चुकीच्या कळा टाइप केल्या, करंगळी न पोचता जशा पडल्या असत्या तशा. लॅपटॉपनं सगळी पानं धुंडाळली आणि सांगितलं, एकही नाही. मग बरोबर कळा टाइप केल्या. त्रेचाळीस.

एकोणीस वर्षांत त्रेचाळीस वेळा ते नाव त्यांनी टाइप केलं होतं आणि त्रेचाळीसही वेळा करंगळी पोचली होती. तिथं मात्र ती कधी थिजली नाही. बाईंनी हजार विद्यार्थी शिकवले होते; बोट मुद्दाम किती ताणावं लागलं असेल, ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला.

दुपारी अश्वजितचा फोन आला. मागं पोरांचा गलका होता. "आई, सुटला प्रश्न! एक वेबसाइट सापडली. फाइल टाकली की एका दमात सगळं मराठी होतंय. मला पाठव, पाच मिनिटांत करून देतो."

"राहू दे. मी करून राहिले."

"काय करून राहिली?"

"टाइप. तुझ्या नव्या कळफलकावर. एकेक अक्षर शोधावं लागतंय, पण लागतंय हाताला." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझ्या बहिणीला बाबांनी लिहिलेली पत्रं हायेत, अश्वजित. तुझंबी लई हाय त्यात."

पलीकडे कुठलंतरी दार लागलं आणि गलका थांबला.

"नाव काय तिचं?"

"खेमा."

"खेमा," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, हळू. "वर्गात जातो, आई. रात्री येतो घरी."

एकच पत्र राहिलं होतं, शेवटचं, एकवीस सालचं. चांगुणाबाईंनी ते घाईनं वाचलं नाही.

"खेमा, ह्या साली दम लागतो. तुझं नाव मी कुणालाच सांगितलं न्हाई. शाळेत दाखल करतानाच मोठ्यानं घ्यायचं, असं तुझ्या मायला म्हणलो होतो. मग ते तसंच राहिलं. सांगितलं तर ते कुणाच्या तोंडी मेलेल्यांच्या नावात जाईल, असं वाटायचं. आता तुझ्या आईला सांगावं म्हणतो. ती माडीवर हजेरी घ्यायची तेव्हा लई स्पष्ट नाव घ्यायची, कुणाचं अर्धं घ्यायची न्हाई. तुझंबी तसंच घेईल. दर साली ती चहा घेऊन येती. दर साली वाटतं आता सांगू. मग ती कप ठेवून जाती."

त्यापुढं काही नव्हतं.

चांगुणाबाई उठल्या. चहा टाकला. दोन कप भरले, मग भानावर येऊन एक परत भांड्यात ओतला. टेबलाशी बसून चहा संपवला, कंट्रोल आणि एस दाबलं, आणि विरूपाक्ष गुरुजींना फोन लावला.

"बोला वैनी. सापडलं का?"

"सापडलं, गुरुजी. लिहून घ्या." त्यांनी पाठ ताठ केली. माडीवरचा तो जुना आवाज, बारा मशीन खडखडत असताना शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, त्यांच्या गळ्यात आपोआप आला. "सूर्यवंशी खेमा ज्ञानोबा."

पलीकडे कागदाची सळसळ झाली. "थांबा, चष्मा लावतो," ते म्हणाले. "जूनमध्ये सांगतो म्हणला होता. तीस वर्षं उशीर केला बघा." त्यांनी अक्षर अक्षर उच्चारत नाव लिहिलं. "वय चार. हां. आता शेवटचा रकाना हाय वैनी, नाव सांगणाऱ्याचं नातं. सगळ्यांचंच भरून घेतलंय. ह्यात काय लिहू? वडलांची पत्नी लिहू का?"

"न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "आई लिहा."